पुष्पाची जागा

देवपूर, धुळे
१९ जून १९९१

आदरणीय अक्कास,
सविनय जयभीम.

आज सकाळी ढग होते, पाऊस आला नाही. शाळेत जाऊन पुन्हा रुजू होण्याचा अर्ज दिला. मुख्याध्यापक नवीन आहेत. त्यांनी बसायला सांगितलं, चहा दिला. दुपारी खोलीचं कुलूप बदललं. संध्याकाळी रॉकेलच्या रांगेत उभा राहिलो, मिळालं.

मुंबईला उतरून जळगावला तुझ्याकडे न येता सरळ इकडे आलो, राग मानू नकोस. इथिओपियातले शेवटचे दिवस घाईचे गेले. मेअखेर तिथलं सरकार पडलं. शाशेमेने गावातही रस्त्यांवर बंदुका घेतलेली पोरं फिरत होती. आम्हा भारतीय मास्तरांना मिळेल त्या विमानाने निघा म्हणून सांगितलं. आठ वर्षांचा संसार होता, पण एक पेटी आणि एक पिशवी घेऊन निघालो. पुष्पाच्या साड्या शेजारच्या बायकांना दिल्या.

पुष्पाला जाऊन सात महिने झाले. तिथल्या लोकांना ते माहीत होतं, कोणी विचारत नसे. इथे रोज कोणी ना कोणी भेटायला येतं आणि पहिल्यापासून सांगावं लागतं. काविळीने गेली. हो, दवाखाना होता. नाही, मूलबाळ नाही.

दाजींना जयभीम सांग. प्रकृतीला जप.

तुझा,
आधार


मेहरूण, जळगाव
२७ जून १९९१

चि. आधार यास,
जयभीम व आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, तारच म्हणायची. रॉकेल मिळालं हे कळलं, पण तू जेवतोस काय, झोपतोस कुठे, हे नाही कळलं. तुझे दाजी म्हणाले, "तुझा भाऊ फळ्यावर गणित मांडल्यासारखं लिहितो. उत्तर आलं की डस्टर फिरवतो."

आता कामाचं. तुझी सासू सुंदरबाई हिने गावी विहाराच्या मागे लेकीसाठी ओटा बांधलाय. सोनगीरहून विटा आणल्या, निम्म्या तिने स्वतःच्या डोक्यावर वाहिल्या. या वयात! मी म्हटलं, माणूस लावा. तर म्हणे, पोर माझी, विटा माझ्या. ओट्याच्या मधोमध जागा मोकळी सोडलीय. तिथे पुष्पाच्या अस्थी ठेवायच्या आणि वर पिंपळाचं रोप लावायचं. विहारातले तोतारामभाऊ वंदना घेतील. दिवस आषाढ पौर्णिमेचा धरलाय, त्या दिवशी भिक्खूंचा वर्षावास सुरू होतो. सगळा समाज जेवायला येणार.

तू अस्थींबद्दल एक शब्द लिहिला नाहीस. कलश कुठे ठेवलायस? भाड्याच्या खोलीत मांडणीवर ठेवू नकोस, उंदीर असतात. खुंटीला टांग.

तुझी अक्का,
भागाबाई


देवपूर, धुळे
६ जुलै १९९१

आदरणीय अक्कास,
सविनय जयभीम.

शाळा सुरू झाली. मला आठवी आणि नववीचं गणित दिलंय. जेवण खाणावळीत होतं, काळजी करू नकोस. ओट्याचं वाचलं. पौर्णिमेचं बघू.

तुला जास्त लिहायला हवं ना, म्हणून आमच्या शेजाऱ्याबद्दल लिहितो. त्याचं नाव एझ्रा. सत्तरीचा असेल. तो मूळचा जमैका बेटावरचा. दाजींना क्रिकेटमुळे नाव माहीत असेल. यांच्या पूर्वजांना फार पूर्वी आफ्रिकेतून साखळ्या घालून तिकडे ऊस तोडायला नेलं. त्यांच्यात रास्ताफारी नावाचा पंथ आहे. ते म्हणतात, आम्हाला जिथे गुलाम करून ठेवलं तो आमचा देश नाही. आमचा देश इथिओपिया, तीच आमची पवित्र भूमी. तिला ते झायन म्हणतात, आणि गुलामीच्या मुलखाला बॅबिलोन. इथिओपियाच्या बादशहाला ते देव मानतात. त्या बादशहाने त्यांना शाशेमेनेत जमीन दिली होती, म्हणून एझ्रा घरदार सोडून तिथे आला. पुढे बादशहाचं राज्य गेलं आणि जमीन सरकारजमा झाली. एझ्राकडे घर आणि मागचं परस एवढंच राहिलं.

तो कविता करतो. मला कवितेतलं काही कळत नाही, पण संध्याकाळी तो वाचायचा आणि मी ऐकायचो. पुष्पा चहा आणून द्यायची आणि उंबऱ्यात बसून ऐकायची, भाषा कळत नसताना. एक कविता नुसत्या ठिकाणांची होती: कुठला डोंगर, कुठलं तळं, अखंड दगडात कोरलेली देवळं. प्रत्येक ओळीच्या शेवटी "माझं घर". मी विचारलं, हे सगळं तुम्ही पाहिलंय का? म्हणाला, "नाही. तिकडे जायला बस बदलावी लागते."

मी म्हटलं, दगडात कोरलेल्या जागा आमच्याकडेही आहेत, अजिंठ्याला. म्हणाला, "तुमच्या लोकांच्या?" म्हटलं, हो, आमच्याच. म्हणाला, "मग तुम्ही तिथेच राहत असाल." मी म्हटलं, नाही, तिकीट काढून बघायला जातो. त्यावर तो इतका हसला की त्याच्या जटा पुढे आल्या. गावातली पोरं मात्र त्याला परदेशी म्हणूनच हाक मारायची. मलाही आणि त्यालाही, एकाच शब्दाने.

तुझा,
आधार


मेहरूण, जळगाव
११ जुलै १९९१

चि. आधार यास,
जयभीम व आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. जटावाला म्हातारा, राजाला देव मानणारा, आणि तू संध्याकाळी त्याच्या पायाशी बसणार! गांजाही ओढत असेल, खरं सांग.

आपल्या आत्याच्या डोक्यात जट होती, ती तुला आठवत नसेल, तू लहान होतास. लोक तिच्या पाया पडायचे आणि ती उपाशी मरायची. धर्मांतरानंतर आबाने घरचे देव पाटीत भरून पांझरा नदीत सोडले. मग घरी येऊन आत्याला अंगणात बसवलं आणि कात्रीने जट कापली. ती दिवसभर रडली. दुसऱ्या दिवशी डोकं हलकं वाटतंय म्हणाली. ज्या घरातून आबाने हे सगळं बाहेर काढलं, त्या घरचा शिकलेला पोरगा आफ्रिकेत जाऊन बुवा करतो? बायको गेल्यावर माणसं अशी नादी लागतात, मी पाहिलंय. इथले रतिलाल कंपाउंडर तसेच गेले, आता भगवे घालून स्टँडवर बसतात.

आणि मला वेडी समजू नकोस. अस्थींचं विचारलं तर तू बुवाचं पुराण लावलंस. तुझे दाजी म्हणतात, "कलश त्या बुवाकडे ठेवून आला असेल." तसं असेल तर सांग. सुंदरबाईने ओट्याला चुना लावायला काढलाय. पौर्णिमा पंधरा दिवसांवर आली.

तुझी अक्का,
भागाबाई


देवपूर, धुळे
१५ जुलै १९९१

आदरणीय अक्कास,
सविनय जयभीम.

अस्थी नाहीत. पुष्पाला तिथे पुरलं आहे. नोव्हेंबरात मी "अंत्यविधी झाला" एवढंच लिहिलं होतं. तुम्ही दहन धरून चाललात. मी दुरुस्त केलं नाही.

ती गेली तेव्हा राजधानीपर्यंत नेण्याची सोय नव्हती. रस्ता सैन्याने बंद केला होता. तिथे शाशेमेनेत प्रेत जाळत नाहीत. जाळायचं म्हटलं की माणसं दचकतात. चर्चच्या आवारात त्यांच्या धर्माच्या माणसांना पुरतात, मशिदीजवळ त्यांच्या. दोन्हीकडे मला विचारलं, ही कोणत्या धर्माची? मी बौद्ध म्हटलं. त्यांनी तो शब्द ऐकला नव्हता. कोणी वाईट बोललं नाही. खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि नाही म्हणाले.

मी घरी आलो तर एझ्रा कुंपणापाशी उभा होता. म्हणाला, माझ्या परसात जागा आहे. उंबराच्या जातीचं एक मोठं झाड आहे तिथे. खणायला माणसंही त्यानेच बोलावली. त्रिसरण, पंचशील मी एकट्याने म्हटलं. शाळेतले तिघे आले होते. एझ्रा मात्र दार लावून आत बसून राहिला. ते मला फार लागलं. जागा देतो आणि चार मुठी माती टाकायला येत नाही, हे कसलं? पुढे कळलं की त्यांच्यातले जुने लोक मरणाचं नाव काढत नाहीत, मर्तिकाला जात नाहीत. त्यांच्या लेखी माणूस संपत नाही. दुसऱ्या दिवसापासून तो रोज सकाळी त्या जागेवर पाणी घालायचा आणि कुंपणावरून मला विचारायचा, "आज सिस्टर कशी आहे?" आधी राग यायचा. नंतर मी सांगू लागलो, "बरी आहे."

निघायच्या आधी मी त्याला म्हटलं, पुढेमागे तिला काढून घरी न्यायला हवं. तो म्हणाला, "ज्या मातीत झोपायला मी समुद्र ओलांडून आलो, त्या मातीतून तू तिला उठवणार?" मी म्हटलं, हा तुझा देश आहे, तिचा नाही. तो म्हणाला, "माझी आई जमैकात आहे." आहे म्हणाला. ती कधीच गेली, हे मला माहीत होतं. तिच्यावर त्याने एकही कविता केलेली नाही.

गांजा ओढतो. पण बुवा नाही.

सासूबाईंना कसं सांगावं ते मला कळत नाही.

तुझा,
आधार


मेहरूण, जळगाव
१९ जुलै १९९१

आधार,

तू तिला परक्याच्या परसात ठेवून आलास. आणि आठ महिने गप्प राहिलास! तिची आई इथे विटा वाहतेय आणि तू आठवीला गणित शिकवतोयस. निदान चिमूटभर माती तरी आणलीस का? ते तरी लिही.

रात्रीतून थोडी शांत झाले. दाजींशी बोलले. ते म्हणाले, "भागा, राखेला काय नाव असतं?" मला आधी त्यांचा राग आला. मग विचार केला. सुंदरबाई किती वर्षं काढणार आता? तिला ओट्यावर हात ठेवायला काहीतरी हवं. आपल्या चुलीतली लाकडाची राख चाळून, नव्या मडक्यात भरून, वर पांढरं फडकं बांधलं तर कोणाला कळणार आहे? तोतारामभाऊ वंदना म्हणतील, रोप लागेल, म्हातारी शांत मरेल. पाप लागलं तर मला लागू दे. मी राख चाळून ठेवली आहे. तू गुरुवारी धुळे स्टँडवर थांब, मी घेऊन येते.

भागाबाई


देवपूर, धुळे
२८ जुलै १९९१

आदरणीय अक्कास,
सविनय जयभीम.

गुरुवारी स्टँडवर तू माझी वाट पाहिली असशील. मी बुधवारीच पहिल्या गाडीने गावी गेलो होतो. माफ कर. तू समोर आली असतीस तर मी मडकं घेतलं असतं. माती आणायचं मला सुचलंच नाही.

सोनगीरला उतरून चालत गेलो. सासूबाई ओट्याला चुना देत होत्या. मला पाहून पदर सारखा केला.

"उनात जवाई? कलश कोठे शे?"

मी उभ्यानेच सांगितलं. आई, अस्थी नहीत. तिले तठे पुरेल शे.

त्यांचा हात थांबला नाही. हाताखालची बोटभर जागा पांढरी करून मग विचारलं, "कोना वावरमा?"

"एक म्हाताराना परसमा."

"आपलावाला शे?"

"नही. पन त्यासना आजा-पनजा गुलाम व्हतात. तोबी घर सोडीसन उना तठे."

"मंग आपलावालाच शे," त्या म्हणाल्या. मग, "झाड शे?"

"शे. उंबरना जातनं."

"पानी?"

"तो रोज टाकस."

त्यांनी कुंचा चुन्यात बुडवला आणि तसाच धरून ठेवला. "तठून तिले कोनी उठाडी नही ना?"

तुला ठाऊक आहे, पुष्पाच्या वडिलांना गावाबाहेर जिथे पुरलं होतं, तिथे पुढे गावाने खळं केलं. त्यांच्यावर मळणी चाललेली सासूबाईंनी पाहिली आहे. मजुरीला त्याच खळ्यावर गेल्या आहेत. पुष्पाने मला हे लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी सांगितलं होतं.

मी म्हटलं, "नही."

"मंग ऱ्हाऊ दे तिले," त्या म्हणाल्या, आणि राहिलेली बाजू पांढरी केली. मग आत जाऊन खूप रडल्या. मी बाहेर बसून होतो.

पौर्णिमेला वंदना झाली. तोतारामभाऊंनी ओटा मोकळा आहे याबद्दल काही विचारलं नाही. जेवताना आळीतली बेबाबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मास्तर आठ वरीस फॉरेनमा ऱ्हायना आन् हात हालवत उना." कोणीतरी हसलं. सासूबाई वाढत होत्या. त्यांनी तिच्या ताटात आणखी एक पळी वरण टाकलं आणि म्हणाल्या, "खाय तू, बोलू नको."

तुझा,
आधार


मेहरूण, जळगाव
३० ऑगस्ट १९९१

चि. आधार यास,
जयभीम व आशीर्वाद.

महिनाभर लिहिलं नाही, कारण काय लिहावं कळेना. त्या दिवशी स्टँडवर मडकं मांडीवर घेऊन बसले होते. एक बाई म्हणाली, "मावशी, दही विकता का?" मी काय करायला निघाले होते, ते मला तिथेच कळलं. येताना राख रस्त्याच्या कडेला ओतली आणि मडकं घरी आणलं. त्यात आता मीठ भरलंय.

गेल्या आठवड्यात सुंदरबाईकडे जाऊन आले. ओटा मोडला नाही तिने. मधली जागा मातीने भरून सारवलीय. दुपारी आळीतल्या बाया तिथे बसतात, ती मधोमध. चवळीच्या शेंगा सोलत होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगते, "मनी पोर एक म्हाताराना परसमा शे, उंबरखाले. तठून तिले कोनी उठाडाव नही, जवाईनी सांगेल शे." मलाही तीनदा सांगितलं. तोंडावर तेज आलंय बाईच्या.

तुझ्या त्या म्हाताऱ्याला मी बरंच बोलले. जट आहे म्हणून माणूस बुवा होत नाही, हे आत्याच्या वेळीच समजायला हवं होतं. तिची जट तिने कुठे मागितली होती? त्याने पुष्पावर काही लिहिलं असेल तर आपल्या भाषेत करून पाठव. मी सुंदरबाईला वाचून दाखवीन.

आणि दिवाळीच्या सुट्टीत इकडे ये. दाजी चिडवणार नाहीत, मी दम दिलाय.

तुझी अक्का,
भागाबाई


देवपूर, धुळे
२४ नोव्हेंबर १९९१

आदरणीय अक्कास,
सविनय जयभीम.

सुट्टीत आलो नाही. परीक्षेचे पेपर होते, ते संपल्यावरही निघवलं नाही. पुष्पाचा दिवस याच आठवड्यात होता. शाळा होती, गेलो.

एझ्राचं पत्र आलं. सप्टेंबरात लिहिलेलं आहे. पहिल्या ओळीत लिहिलंय, सिस्टर बरी आहे. पुढे लिहिलंय, की नव्या सरकारची माणसं आली होती. घरांमागच्या सगळ्या जागा ती मोजणार आहेत. ज्यांच्याकडे कागद नाहीत त्यांचं काय करायचं ते नंतर ठरेल. एझ्राकडे बादशहाच्या वेळचा कागद आहे. तो आता चालतो की नाही, हे सांगणारं कोणी नाही. म्हणतो, मोजायला आलेल्या पोरानेही मला परदेशी म्हणूनच हाक मारली.

सोबत एक कविता आहे. पुष्पावर आहे असं तो म्हणत नाही, पण आहे. जमेल तसं मराठी केलंय:

मी दुरून आलो आणि म्हणालो, हे माझं घर.
डोंगर म्हणाला, बघू.
तळं म्हणालं, बघू.
ती आली ती काही न म्हणता झोपली,
आणि झाडाने तिच्यावर सावली धरली.
आता मी सकाळी पाणी घालतो
आणि झाडाला विचारतो,
तिच्याशेजारी किती जागा आहे.

हे सासूबाईंना वाचून दाखव. मोजणीचं सांगू नकोस. चुलीतली राख मला चालली नाही, आणि तिला तिथून कोणी उठवणार नाही, हा शब्द मात्र मी देऊन बसलो. तो दिला तेव्हा मला खरंखोटं ठाऊक नव्हतं, आजही नाही. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला तो सांगत राहतील आणि मी तो परत घेऊ शकत नाही. एझ्राला लिहिलंय, काही झालं तर आधी मला कळव. मग मी जाईन. कसा जाईन ते माहीत नाही.

आज रविवार. नळाला आत्ता पाणी आलं. शाळेचे दोन सदरे भिजत घातलेत, ते धुवून दोरीवर टाकतो.

आधार